हत्तीच्या पोटातलं

७ जानेवारी, मंगळवार

वही नवीन नाही. वर्कशॉपची जुनी नोंदवही आहे, मागची बरीच पानं कोरी राहिली होती. पस्तीस वर्षं हिच्यासारख्या वह्यांमध्ये एकच लिहीत आलो : कुठली मोटर आली, उघडल्यावर आत काय निघालं, मी काय केलं. काम बंद केलं तरी हात शिवशिवतात. तेव्हा आता घरातलं लिहितो.

आज मेहुणी आली होती. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "भाऊजी, ताईकडे बघवत नाही हो. दोन वर्षं होत आली. दिवसभर त्या खोलीत करते तरी काय?"

"बसते."

"नुसती?"

"हत्तीजवळ."

हत्ती म्हणजे आमचा व्हॅक्युम क्लीनर. लांबुळका, हिरव्या पत्र्याचा, खाली दोन पट्ट्यांवर घसरत चालणारा, पुढे सोंड. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे, म्हणजे एकोणसत्तर. नाव बिटकीनं ठेवलं, ती तीन वर्षांची असताना. बिटकी म्हणजे आमची मुलगी. लग्नानंतर बारा वर्षांनी झाली, सव्वीस वर्षांची होऊन गेली. या वीस तारखेला दोन वर्षं होतील. आजाराचं नाव लिहीत नाही.

आमची ही सकाळचा चहा झाला की बिटकीच्या खोलीत जाते आणि हत्तीशेजारी स्टूल घेऊन बसते. कधीकधी त्याचं पुढचं झाकण काढते, पिशवीचं तोंड जरासं उघडते, आत बघते, परत लावते. मोटरवाल्याच्या संसारात चाळीस वर्षं काढली, तपासून बघायची सवय लागली असणार.

मेहुणी म्हणते, खोली रिकामी करा म्हणजे ताई माणसांत येईल. सगळी खोली एकदम नको, पण हत्तीपासून सुरुवात करावी. त्याला चांगलं घर बघून द्यायचं. हा गेला की हिला त्या खोलीत बसायला निमित्त उरणार नाही. मला माझी बायको परत हवी आहे, एवढंच. तोंडानं कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहिलं.

८ जानेवारी

हिला सांगितलं. हिनं चहावरची साय चमच्यानं बाजूला केली.

"कुणाला देणार?"

"चांगलं घर बघू. भंगारात नाही घालणार, शप्पथ."

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "द्या. पण द्यायच्या आधी मला सांगा."

"सांगेन की. न सांगता कसा देईन?"

कितीतरी महिन्यांनी आपणहून एक सबंध वाक्य बोलली. मला इतकं बरं वाटलं की काही कारण नसताना चौकापर्यंत चालत जाऊन आलो.

११ जानेवारी

पाटी लिहिली : "व्हॅक्युम क्लीनर, जुना, उत्तम चालू स्थितीत. योग्य माणसास फुकट. योग्य कोण ते मी ठरवीन." शेवटचं वाक्य मेहुणीनं खोडायला लावलं. एक वाचनालयात लावली, एक किराणा दुकानात.

हत्ती मला उस्तादांनी दिला. त्यांच्याकडे मी मोटर गुंडाळायला, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तांब्याची तार भरायला शिकलो. स्वतःचं वर्कशॉप थाटलं तेव्हा म्हणाले, हा घेऊन जा, याची मोटर मी दोनदा भरलीय, तिसऱ्यांदा तू भर. माणूस कडक. यंत्र उघडलं की आतून निघालेली वस्तू न् वस्तू लिहायला लावायचे. "वगैरे लिहायचं नाही. वगैरे म्हणजे तू बघितलंच नाहीस." त्यांचं सगळं उचललं, ही एक खोड मात्र सुटली नाही. यादी लांबली की हात आपोआप वगैरे लिहून मोकळा होतो.

हत्ती पुढून ओढतो आणि मागून गरम वारा सोडतो. थंडीत न्हाऊन आली की बिटकी त्याच्या मागे फतकल मारून बसायची आणि केस वाळवायची. कंबरेच्या खाली केस होते पोरीचे. मी ओरडायचो, "अगं, मोटर तापेल!" तर म्हणायची, "तापू दे ना बाबा, त्याचसाठी तर बसलेय."

शेवटच्या वर्षात औषधं चालू झाल्यावर डोक्याला रुमाल बांधायची. अंगात त्राण नसे, तरी शनिवारी स्वतःच हत्ती चालवायची. आईला खोलीत येऊ द्यायची नाही. दार लावून अर्धा अर्धा तास. मी बाहेरून म्हणायचो, एवढीशी खोली, किती साफ करतेस, मोटर जाळशील. आतून उत्तर यायचं नाही. यंत्राच्या आवाजात ऐकू जात नसेल. ती गेल्यापासून हत्ती कुणी चालवलेला नाही.

१५ जानेवारी

पहिलं गिऱ्हाईक. तंत्रशाळेतले मास्तर. हत्तीभोवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून वास घेतला, खूश झाले. मी विचारलं, "मुलांना चालवून दाखवणार?"

"छे हो! उभा कापणार. आतलं सगळं दिसेल असा. अर्धा या भिंतीला, अर्धा त्या भिंतीला."

चहा पाजून रवाना केलं. ही दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मास्तर गेल्यावर आत जाऊन हत्तीवर चादर घातली.

१७ जानेवारी

आज कॅफेवाला आला. मला अंकल म्हणाला, तिथंच त्याचं निम्मं काम बिघडलं. उरलेलं त्यानं स्वतः बिघडवलं. हत्तीच्या तोंडात माती भरून फर्न लावायचा त्याचा विचार आहे. म्हणे लोक फोटो काढतील. "मोटरचं काय करणार?" तर म्हणे, "ती काढून टाकू ना अंकल, उगीच वजन." मी त्याला जिना दाखवला.

२० जानेवारी

आज काही नाही.

२४ जानेवारी

चार फोन आले. एकानं विचारलं रिमोट आहे का. एकानं विचारलं, यात पाण्यानं फरशी पुसली जाते का. एक बाई म्हणाल्या, फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार, आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवला. चौथा भंगारवाला, तोच काय तो सरळ माणूस.

इकडे हिचं खोलीत बसणं वाढलंय. आता जेवणाचं ताटही तिकडेच नेते. मेहुणीला फोन केला तर म्हणाली, "जाणार आहे हे कळलंय ना भाऊजी, म्हणून. उरकून टाका लवकर." खरं असेल. मला काही सुधरत नाही. चालत्या मोटरवर हात ठेवला तर बेअरिंग गेलंय की आतली कार्बनची कांडी संपलीय हे डोळे मिटून सांगतो. बायको समोर बसलेली असते आणि तिला काय होतंय ते कळत नाही.

२९ जानेवारी

घर मिळालं!

वाचनालयातली पाटी वाचून एक बाइंडर बाई आल्या, चाळिशीच्या. मी त्यांच्यासोबत त्यांची जागा बघून आलो. तळमजल्यावर दोन खोल्या, खळीचा वास, लाकडी शिकंज्यात दाबून ठेवलेली पुस्तकं, टेबलावर शंभर वर्षांच्या वह्या. त्यांना जुन्या कागदावरची धूळ ओढायची असते. म्हणाल्या, "काका, नवी यंत्रं कागदच गिळतात. मला हळू ओढणारं पाहिजे." हळू ओढण्यात आमच्या हत्तीचा हात धरणारा कुणी नाही. म्हणजे कापणार नाहीत, माती भरणार नाहीत, रोज चालवणार. यापेक्षा चांगलं घर कुठलं?

एकच अट घातली. "आतून अगदी स्वच्छ हवा हं. मागे एकानं दिलेल्या यंत्रातली जुनी धूळ उडून माझी तीनशे पानं खराब झाली."

मला जरा झोंबलंच. म्हटलं, "बाई, मळकं यंत्र माझ्या हातून आजवर बाहेर गेलेलं नाही."

हिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. "कधी?" म्हणाली. म्हटलं, आधी खाली वर्कशॉपमध्ये नेऊन दुरुस्त करतो. म्हणाली, "उघडताना मला हाक मारा." मी हो म्हटलं.

२ फेब्रुवारी

सकाळी हत्ती वर्कशॉपमध्ये उतरवला. आधी वायर बदलली, कार्बन बदलले. दुपारी झाकण उघडायची वेळ आली तेव्हा हिला हाक मारायला वर गेलो, तर झोपलेली. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, आत्ता कुठं लागला होता. पांढऱ्या केसांची बट तोंडावर आली होती, तीही बाजूला केली नाही, जाग येईल म्हणून. झोपलेल्या माणसाला मळ दाखवायला कोण उठवतं? पाय न वाजवता खाली आलो. पुष्कळ दिवसांनी पद्धतशीर नोंद करतोय :

काम : व्हॅक्युम क्लीनर, घरचा.

निघालं : पिशवी गच्च. राखाडी मळ अर्धा किलो तरी. लांब काळे केस, बेसुमार, दोन मुठींत मावणार नाही एवढा गोळा. पेन्सिलीची सालं. निळ्या लोकरीचे तुकडे. गोळ्यांची रुपेरी वेष्टनं, दोन. शिंपल्याचं बटण, एक. वगैरे वगैरे.

केलं : सर्व कचऱ्यात. पिशवी साबणाच्या पाण्यात तीन वेळा धुतली, पाणी नितळ येईपर्यंत. सोंड आतून तारेनं घासली. ब्रशाच्या दातांत गुंतलेले केस ब्लेडनं कापून काढले. एक केससुद्धा ठेवला नाही.

एवढे केस ओढून मोटर जळली कशी नाही, कमाल आहे. उस्ताद असते तर पाठ थोपटली असती.

३ फेब्रुवारी

मेहुणी सकाळी गाडी घेऊनच आली. हिच्या डोळ्यांची तपासणी आज होती, रात्री तिच्याकडेच मुक्काम. जाता जाता ही वर्कशॉपच्या दाराशी थांबली. "अजून उघडला नाहीत ना?" असं काहीतरी म्हणाली, तेवढ्यात मेहुणीनं हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "जा गं निवांत, मी आहे."

मग विचार केला, हिच्या डोळ्यांदेखत नेण्यापेक्षा आजच नेऊन द्यावा. आधी सांगायचं कबूल केलं होतं, खरं आहे. पण निरोपाच्या वेळी रडारड होणार, आणि तिला रडताना बघायची ताकद माझ्यात उरलेली नाही. दुपारी टेंपो बोलावला. बाइंडर बाईंनी टेबलाखाली जागा करून ठेवली होती. त्यांच्यासमोर चालवून दाखवला. एकोणसत्तर वर्षांचा गडी, आवाज असा की ऐकत राहावं. येताना रिकामं वाटलं, पण समाधानही होतं.

४ फेब्रुवारी

ही आली ती चपला न काढता थेट वर्कशॉपमध्ये. टेबल रिकामं बघून म्हणाली, "दिलात?"

"दिला. काय घर मिळालंय म्हणून सांगू..."

"पिशवी?"

"पिशवीसकट. अगं, कोरी करकरीत करून दिली. तीन पाण्यांतून काढली."

"आतलं?"

"आतलं काय? कचरा तो. सकाळच्या गाडीत गेला."

तिनं टेबलाची कड धरली. मला वाटलं चक्कर आली, म्हणून स्टूल सरकवलं, पण बसली नाही. जिन्याची एकेक पायरी चढत वर गेली आणि बिटकीच्या खोलीचं दार लावून घेतलं.

न सांगता दिला म्हणून राग आलाय. दोन दिवसांत निवळेल.

९ फेब्रुवारी

निवळत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. सूप करून नेलं, तसंच परत आलं. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते राहिलं बाजूला, होती तेवढीही बायको हातची गेली.

आज माझा तोल सुटला. म्हणालो, "एका यंत्रासाठी एवढं? पोरगी गेली तेव्हासुद्धा तू असं अन्न सोडलं नव्हतंस!" बोललो आणि जीभ झडली असती तर बरं असं झालं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग परत भिंतीकडे वळली.

मेहुणी आता फोन उचलत नाही.

१२ फेब्रुवारी

बाइंडर बाईंचा निरोप आला, कार्बन कुठल्या मापाचे घातलेत ते कळवा, म्हणजे पुढेमागे आणता येतील. माप बघायला म्हणून २ तारखेचं पान काढलं. वाचता वाचता बोट थांबलं.

लांब काळे केस.

आमच्या घरात काळे केस कुणाचे आहेत? माझ्या डोक्यावर काही उरलेलं नाही. हिचे पांढरे होऊन दहा वर्षं झाली. पेन्सिली कोण सोलतं? ही नाही, मी नाही. दिवसभर चित्रं काढत बसायची ती कोण?

दार लावून अर्धा अर्धा तास. आईला आत येऊ द्यायची नाही. पोर गळलेले केस ओढून घेत होती, आम्हाला दिसू नयेत म्हणून. आणि मी बाहेरून मोटर जळेल म्हणून ओरडत होतो.

सगळे तिथंच होते. दोन वर्षं तिथंच होते आणि ही रोज जाऊन बघून येत होती. मी माझ्या हातानं काढले. ब्लेडनं काढले. वर लिहून ठेवलंय, एक केससुद्धा ठेवला नाही. देवा, मी काय करून बसलो!

१३ फेब्रुवारी

कचऱ्याच्या गाडीवाल्याला सकाळी रस्त्यात गाठलं. म्हणाला, "काका, दहा-अकरा दिवस झाले. त्यावर कितीतरी गाड्या रित्या झाल्या." काय हरवलंय विचारत होता बिचारा.

तिथून बाइंडर बाईंकडे. म्हटलं, एकदा उघडून बघू द्या. पिशवी उलटी केली, शिवणींतून टाचणी फिरवली. सोंडेत बॅटरी मारून बघितलं. ब्रशाचा दात न् दात बघितला. बाई टेबलाशी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "काय शोधताय काका? काहीच नाही त्यात. किती स्वच्छ करून दिलात तुम्ही! कुणी कधी वापरलाच नसावा असा वाटतो."

मी हुंदका देऊन रडलो. परक्या बाईसमोर, तिच्या पुस्तकांच्या ढिगात. त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, परत न्यायचा असेल तर न्या. म्हटलं, आता नेऊन काय करू?

१४ फेब्रुवारी

आज सकाळी बिटकीच्या खोलीत गेलो. ही पलंगावर पडलेली. स्टूल अजून तिथंच होतं, शेजारी काही नव्हतं. त्याच्यावर बसलो आणि म्हटलं, "मला कळलं नव्हतं गं."

मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "मला ठाऊक होतं ती दार लावून काय करायची. मी बाहेर उभी असायचे. यंत्र बंद झालं की स्वयंपाकघरात पळायचे, तिला कळू नये म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज म्हणत होतात, बरी होईल. तुमच्या तोंडावर काय सांगू?" मग म्हणाली, "नंतरही धीर झाला नाही. म्हटलं होतं, देताना पिशवी तेवढी काढून घेईन. नुसतं आहे एवढं माहीत असलं तरी मला पुरत होतं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. जे खरं होतं तेवढं म्हणालो, "लिहून ठेवलंय मी. काय काय निघालं ते."

ती उठून बसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. "आणा."

मी खाली जाऊन वही आणली. "वाचा," म्हणाली.

वाचलं. केसांशी आलो तेव्हा तिनं विचारलं, "केवढे होते?" मी दोन्ही हात पुढे करून दाखवलं. तिनं माझ्या हातांमधल्या त्या जागेकडे पाहिलं, आणि मला हात खाली घेता येईनात.

पेन्सिलीची सालं वाचली. म्हणाली, "ब्लेडनं सोलायची. शार्पनर आवडायचा नाही तिला." निळी लोकर वाचली. "माझे हातमोजे विणत होती. एकच झाला." बटण वाचलं, तेव्हा कपाळावर हात मारला. "तेच ते! पांढऱ्या सदऱ्याचं. घरभर शोधलं होतं आम्ही दोघींनी." आणि हसली. खरंच हसली. ज्या हसण्यासाठी मी हे सगळं करायला निघालो होतो, तेच. पण पुढे काय लिहिलंय ते मला दिसत होतं.

"पुढे?"

"वगैरे वगैरे."

"म्हणजे काय काय?"

"आणखी बरंच होतं."

"तेच विचारतेय. काय होतं?"

डोळे मिटले. बादली आठवली, साबण आठवला, पाणी नितळ आल्यावर झालेला आनंदसुद्धा आठवला. त्या ढिगातलं आणखी काही डोळ्यांसमोर येईना. मी बघितलंच नव्हतं.

"आठवत नाही गं."

ती रागावली नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पहिल्यापासून वाचा. आठवेल."

दुपारपर्यंत सहा वेळा वाचून झालंय. आता ती सूप घेतेय, माझ्यासमोर बसून. मी हे खरडतोय तोवर थांबलीय. वाटी संपली की पुन्हा वाचायचं आहे. केस, सालं, लोकर, वेष्टनं, बटण. मग मी थांबतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहते.